'मिडलमार्च'मधली माणसे आणि वाचकांचा राग

गेल्या अंकात जॉर्ज इलियट यांच्या 'मिडलमार्च' या कादंबरीवर लेख प्रसिद्ध झाला आणि या सदराकडे नेहमीपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. लेखाबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. बहुतेकांना कादंबरीतल्या माणसांशी भांडायचे होते. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मेरी अ‍ॅन इव्हान्स (१८१९–१८८०) यांनी जॉर्ज इलियट या पुरुषी नावाने लिहिलेली ही कादंबरी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत निघाली. कथानक १८२९ ते १८३२ या वर्षांतले आणि मध्य इंग्लंडमधल्या एका काल्पनिक गावातले आहे. ध्येयवेडी डोरोथिया आणि वयस्क पंडित कॅसॉबन, तसेच तरुण डॉक्टर लिडगेट आणि गावातली सर्वांत देखणी मुलगी रोझमंड, ही दोन फसलेली लग्ने तिच्या मध्यभागी आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त करून छापत आहोत.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी दर पंधरवड्याला कोणाच्या तरी घरी जमून एकेका पुस्तकावर बोलतो. 'मिडलमार्च'चा पहिला भाग संपता संपता आमची सहनशक्तीही संपली. शारदेला निदान तिच्या बापाने पैशांच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचे ठरवले होते. डोरोथियावर कोणाची जबरदस्ती नव्हती, सर जेम्ससारखा तरुण आणि सालस माणूस तिच्यासाठी झुरत होता, सख्खी बहीण नापसंती दाखवत होती, आणि तरीही ही बाई पंचेचाळिशी उलटलेल्या रुक्ष कॅसॉबनला आनंदाने होकार देते. अशा नायिकेची कीव करायची की तिच्या थोबाडीत द्यायची? — एक वाचिका, दादर

उत्तर : आपण शारदेचे नाव काढलेत ते बरे झाले. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून विजोड लग्न म्हटले की लोभी बाप, लाळघोटे मध्यस्थ आणि हतबल मुलगी असा पट आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. दोष कोणाच्या माथी मारायचा हे पहिल्या अंकातच कळते. डोरोथियाच्या लग्नात ती सोय नाही, आणि आपल्या चिडचिडीचे निम्मे कारण तेच आहे.

ती अजून विशीचीही झालेली नाही. आईवडील नाहीत, पालक म्हणून मिळालेले ब्रुककाका धड हो म्हणत नाहीत आणि धड नाहीही म्हणत नाहीत. शिक्षण झाले ते तुटक आणि वरवरचे. कुळांसाठी चांगली घरे कशी बांधावीत याचे नकाशे ती काढत बसते, पण आपल्या हातून काही मोठे घडायला हवे तर आधी लॅटिन आणि ग्रीक यायला हवे, ज्ञानाचा तो दरवाजा पुरुषांच्या ताब्यात आहे आणि तो उघडून देणारा नवरा मिळाला तर लग्नाचे सोने होईल, असा तिचा हिशेब आहे. नवरा म्हणजे हवे तर हिब्रूसुद्धा शिकवू शकेल असा एक प्रकारचा पिता, अशी तिची कल्पना आहे. ही कल्पना वाचून हसू येते हे खरे. पण १८२९ मध्ये त्या मुलीने शिकायला दुसरीकडे जायचे तरी कोठे? केंब्रिजचे गर्टन कॉलेज सुरू झाले तेच १८६९ मध्ये, म्हणजे इलियट ही कादंबरी लिहायला बसल्या त्या सुमारास, आणि त्याच्या उभारणीसाठी त्यांनी स्वतः पन्नास पौंड दिले होते.

बहिणीच्या नापसंतीबद्दल. सीलियाचा कॅसॉबनवरचा आक्षेप काय आहे, तर तो सूप पिताना चमचा ताटलीवर खरडतो आणि बोलण्याआधी डोळे मिचकावतो. 'तुला तो आवाज ऐकूच येत नाही का?' असे ती विचारते, आणि डोरोथियाला तो खरोखरच ऐकू येत नाही, कारण तिला समोर एक थोर आत्मा बसलेला दिसत असतो. मला हा प्रसंग फार आवडतो. सीलियाचे निदान अचूक आहे, पण तिने दिलेल्या कारणावरून कोणी लग्न मोडणार नाही. आणि ज्या कारणावरून मोडायला हवे होते ते कारण मांडण्याइतकी समज त्या घरात कोणाकडेच नाही.

थोबाडीत देण्याची इच्छा पहिल्या वाचकांनाही झाली होती. मूळ आवृत्तीच्या उपसंहारात इलियट यांनी असे लिहिले होते की, आजारी पुरुषाने आपल्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलीला मागणी घातली तर समाज त्याकडे हसून पाहतो, आणि डोरोथियाच्या चुकीचा वाटा त्या समाजाचाही आहे. त्यावर समीक्षकांनी बोट ठेवले, की कादंबरीत तर या लग्नाकडे कोणीही हसून पाहत नाही. सर जेम्स, सीलिया, शेजारच्या पाद्रीसाहेबांची तिखट जिभेची बायको, सगळेच नाके मुरडतात. १८७४ च्या आवृत्तीत इलियट यांनी तो मजकूर काढून टाकला. माझ्या मते कादंबरीचे त्याने भलेच झाले. डोरोथियाची चूक पूर्णपणे डोरोथियाची राहिली, आणि म्हणूनच आपल्या बैठकीत तिच्यावर अजून भांडता येते.

प्रश्न : मला कॅसॉबनचा राग येत नाही, त्याच्यावर तुटून पडणाऱ्या वाचकांचा येतो. मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले. माझ्याही कपाटात एका ग्रंथाच्या टिपणांच्या वह्या आहेत आणि तो ग्रंथ आता होणार नाही हे घरच्यांना माझ्या आधी कळले आहे. ज्याने कोणावर हात उगारला नाही, कोणाला फसवले नाही, त्या माणसाला खलनायक का म्हणायचे? — एक निवृत्त प्राध्यापक, मुलुंड

उत्तर : आपल्या पत्राच्या पूर्वार्धाशी मी सहमत आहे आणि उत्तरार्धाशी नाही.

जगातल्या सर्व पुराणकथा एकाच मूळ ईश्वरी परंपरेची भ्रष्ट रूपे आहेत हे सिद्ध करणारा महाग्रंथ कॅसॉबनला लिहायचा आहे. त्या विषयात जर्मन पंडित कधीच पुढे निघून गेले आहेत आणि याला जर्मन येत नाही. ही गोष्ट त्याच्या बायकोला मधुचंद्राच्या काळात रोममध्ये कळते, तीही त्याच्या तरुण नातलगाच्या, विल लॅडिस्लॉच्या तोंडून. त्याच रोममध्ये डोरोथिया भाबडेपणाने नवऱ्याला विचारते, की आता एवढ्या टिपणवह्या झाल्या, तर त्यांतून निवड करून प्रत्यक्ष लिहायला केव्हा सुरुवात करायची? तो भडकतो, कारण हाच प्रश्न त्याच्या आत अनेक वर्षे कुजबुजत होता आणि आता तो घरातूनच मोठ्याने ऐकू आला. यानंतर एकोणतिसाव्या प्रकरणात इलियट डोरोथियाबद्दल एक वाक्य सुरू करतात, ते मध्येच तोडतात आणि विचारतात, की दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाकडे पाहण्याची दृष्टी फक्त तिचीच आहे काय? तिथून पुढे कॅसॉबनच्या आत काय चालले होते ते आपल्याला दिसू लागते. हा माणूस कोणावरून बेतला असे विचारले असता इलियट यांनी स्वतःच्या छातीकडे बोट दाखवले, असे सांगतात. ते मला अगदी पटते.

पण 'कोणाला फसवले नाही' हे आपले वाक्य टिकत नाही. प्रकृती ढासळल्यावर एका रात्री तो डोरोथियाकडून वचन मागतो, की मी गेल्यावर माझ्या इच्छेप्रमाणे वागशील. इच्छा कोणती ते मात्र सांगत नाही. ती रात्रभर तळमळते, सकाळी मन मारून 'हो' म्हणायला बागेत जाते, आणि तो तिथल्या दगडी मेजावर हातांत डोके खुपसून बसलेला, मरण पावलेला सापडतो. मग मृत्युपत्राची पुरवणी उघड होते : डोरोथियाने विलशी लग्न केले तर तिला इस्टेटीतला छदामही मिळणार नाही. तोपर्यंत त्या दोघांत काहीच नव्हते. नसलेल्या गोष्टीचा बभ्रा त्याने मेल्यावर केला आणि बायकोची गावभर शोभा केली. त्याच्या भीतीबद्दल मला करुणा वाटते. या पुरवणीबद्दल मी त्याला माफ करायला तयार नाही.

ग्रंथाचे पुढे काय झाले ते आपल्याला आठवत असेलच. त्याने तिच्यासाठी काढून ठेवलेला टिपणांचा तक्ता ती पाकिटात घालून बंद करते आणि आत त्यालाच उद्देशून लिहिते, की ज्यावर माझा विश्वास नाही त्या कामाला मी जुंपून घेऊ शकत नाही. आपल्या वह्या आपण हयात असतानाच एखाद्या तरुण अभ्यासकाला दाखवाव्यात, असे मी आगाऊपणाने सुचवतो. कॅसॉबनने तेवढे केले असते तर निदान जर्मनची भानगड लवकर मिटली असती.

प्रश्न : लालबागला माझा दवाखाना आहे. लिडगेट स्वतः औषधे विकायला नकार देतो म्हणून गाव त्याच्यावर उलटते हे वाचून मला हसू आले, कारण मीही नुसती चिठ्ठी लिहून दिली आणि सुई टोचली नाही तर पेशंट तोंड वाकडे करून जातो. पण एवढा हुशार डॉक्टर रोझमंडच्या हाती लागून फुकट गेला, याचा मला इतका संताप आला की दोनदा पुस्तक मिटून ठेवले. या बाईच्या बाजूने काही बोलता येईल का? — एक डॉक्टर, लालबाग

उत्तर : बोलता येईल, पण आधी आपला संताप रास्त आहे हे मान्य करू या.

लिडगेटच्या गावातही एका वाणिणीचा गुलाबी मिश्रणावर गाढ विश्वास आहे आणि नव्या डॉक्टरला औषधाचे मोल नाही म्हणून ती चकित होते. तेव्हा आपले पेशंट एकटे नाहीत. बाटल्यांच्या बिलावर पोट भरायचे नाही, पॅरिसला शिकून आलो आहोत तर तापाचे रुग्णालय चालवायचे आणि शरीराच्या मूळ ऊतीचा शोध लावायचा, असे त्याचे बेत आहेत. आणि मग घरात रोझमंड आहे.

तिचा राग का येतो हे मी बराच काळ तपासत आलो आहे. ती भांडत नाही, आदळआपट करत नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. कर्ज गळ्याशी आल्यावर लिडगेट ठरवतो, की राहते घर सामानासकट नेड प्लिमडेलला देऊन टाकावे आणि आपण लहान जागेत जावे. हा नेड म्हणजे रोझमंडने पूर्वी नाकारलेला उमेदवार. ती नवऱ्याचे म्हणणे ऐकून घेते. मग टोपी चढवून नेडच्या आईकडे जाते, गोड गप्पांतून हवी ती माहिती काढते, तिथून थेट दलाल ट्रम्बुलकडे जाते आणि अत्यंत सभ्य शब्दांत सांगते, की तो विचार आम्ही सोडून दिला आहे, आपण काही हालचाल करू नये. घरी येऊन याबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढे नवऱ्याच्या श्रीमंत काकाला परस्पर पत्र लिहून पैसे मागते, आणि 'बायकोला पुढे करून पत्रे लिहवू नकोस' असा अपमान त्या काकाकडून लिडगेटला सोसावा लागतो. गरोदर असताना घोड्यावर बसू नकोस असे तो बजावतो. ती बसते, मूल दगावते, आणि घरी राहिले असते तरी हेच झाले असते असे ती शांतपणे सांगते. दर वेळी आपले वागणे निर्दोष असल्याची तिची खात्री असते. भांडखोर माणसाशी निदान भांडता येते. ज्याला आपण भांडतो आहोत हेच मान्य नाही त्याच्यापुढे लिडगेटसारखा दांडगा माणूसही हात टेकतो.

आता तिची बाजू. ती मिसेस लेमन यांच्या शाळेतली आदर्श विद्यार्थिनी होती, आणि त्या शाळेत गाडीत कसे चढावे व कसे उतरावे हेसुद्धा जादा विषय म्हणून शिकवत. पैसा कोठून येतो हे शिकवत नसत. बाप कारखानदार आणि गावचा महापौर. स्वतः ऐपतीबाहेर राहणारा. लिडगेटने तरी तिला काय सांगितले? लग्नाआधी त्याने उत्तमोत्तम भांडी आणि सामान उधारीवर घेतले, कारण चांगल्या वस्तू घ्यायच्या असतात एवढेच त्याला ठाऊक होते. आणि घरातल्या वस्तूंची यादी करायला सावकाराचा माणूस यायची वेळ आली तेव्हा बायकोसमोर तोंड उघडले. डोरोथियाची पहिली भेट झाल्यावर त्याचे मत काय होते ते पाहा : अशा बाईची संगत म्हणजे काम संपवून पुन्हा शाळेतली पोरे शिकवायला जाणे, बायको कशी, तर जिच्या हसण्यात पाखरांची किलबिल ऐकत विसावता येईल अशी. तरुणपणी पॅरिसमध्ये, रंगमंचावरच नवऱ्याला सुरी खुपसलेल्या नटीच्या तो प्रेमात पडला होता आणि मी ते मुद्दाम केले असे तिने स्वतः सांगेपर्यंत हा तिच्या निर्दोषपणाची ग्वाही देत हिंडत होता. त्यानंतर त्याने स्त्रियांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहायचे ठरवले. मग रोझमंडच्या हातातली साखळी खाली पडली, ती उचलून देताना त्याला तिच्या डोळ्यांत पाणी दिसले आणि अर्ध्या तासात साहेब वाङ्निश्चय करून बाहेर पडले. हे शास्त्र कोणते, ते आपणच सांगावे.

माझी इलियटबाईंविरुद्ध एक तक्रार आहे. कॅसॉबनसाठी त्या वाक्य तोडून थांबल्या. 'दर वेळी लिडगेटच का?' असे मात्र त्यांनी रोझमंडसाठी कधी विचारले नाही. तिच्या आत आपण जातो ते बहुधा तिची फजिती पाहायला. अपवाद एक्याऐंशीव्या प्रकरणाचा. डोरोथिया तिला भेटायला येते तेव्हा रोझमंड रडते आणि आपणहून सांगून टाकते, की विलचे प्रेम माझ्यावर नाही, तुमच्यावर आहे. त्यात तिचा काहीही फायदा नव्हता.

शेवटी लिडगेट श्रीमंतांचा डॉक्टर होतो, संधिवातावर एक प्रबंध लिहितो आणि पन्नाशीतच जातो. चिडून एकदा त्याने बायकोला बेझिलचे रोप म्हटले, कारण ते रोप खून झालेल्या माणसाच्या मेंदूवर छान फोफावते. अशा बोलण्यावर रोझमंडचे उत्तर ठरलेले असे : मग मला निवडले कशाला? याला लिडगेटजवळ उत्तर नव्हते. आपल्याजवळ असल्यास जरूर कळवावे.

प्रश्न : मी पतपेढीत नोकरी करून निवृत्त झालो. सगळे रोझमंडच्या उधळ्या भावाला, फ्रेड विन्सीला शिव्या देतात, मला मात्र त्याला जामीन राहणाऱ्या केलेब गार्थचा राग आला. असे भोळे सांब आम्ही टेबलापलीकडून फार पाहिले आहेत. — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपल्या टेबलाचा अनुभव इथे समीक्षकांपेक्षा जास्त उपयोगी आहे. कर्जाचा कागद १६० पौंडांचा. मुदत भरते तेव्हा फ्रेडच्या हाती ५० पौंड उरलेले असतात. गार्थबाई स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या. शिकवण्या करून त्यांनी आल्फ्रेड या मुलाला उमेदवारीला लावण्यासाठी ९२ पौंड साठवले आहेत, ते जातात. उरलेले १८ पौंड मेरीच्या साठवणीतून निघतात, म्हणजे ज्या मुलीशी फ्रेडला लग्न करायचे आहे तिच्याच. केलेबने सही करताना घरात विचारले नव्हते, हे आपल्या नजरेतून सुटले नसेल. तो सज्जन आहे यावर कादंबरीभर सर्वांचे एकमत आहे, पण त्या सज्जनपणाचा हप्ता बायको आणि मुलगी भरतात, आणि इलियट यांनी आकडे काटेकोर दिले आहेत ते आपल्याला हे कळावे म्हणूनच. फ्रेडलाही कबुली देताना प्रथमच उमगते, की आपल्या उधारीमुळे आपल्याखेरीज दुसऱ्याही कोणाचे काही जाते.

प्रश्न : ब्रुककाका हे पात्र नुसते विनोदासाठी आहे का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : निवडणुकीच्या सभेत त्यांचाच पुतळा समोर नाचवला जातो, गर्दीतून कोणी त्यांचेच शब्द पोपटासारखे परत फेकतो आणि अंडी बरसतात, तिथवर विनोद आहे. पण स्वतःच्या कुळांची घरे गळत असताना सुधारणांवर भाषणे देणारा उमेदवार मुंबईच्या मतदाराला समजावून सांगण्याची गरज नसावी. कॅसॉबनची मागणी पुतणीपर्यंत पोहोचवली तीही याच गृहस्थाने.

प्रश्न : मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे. सगळ्यांत जास्त राग मला शेवटाचा आला. एवढी मोठी स्वप्ने पाहिलेली डोरोथिया पुन्हा लग्न करते आणि खासदाराची बायको होऊन राहते. मिळालेल्या पैशातून तिने शाळा काढायची, रुग्णालय चालवायचे, काहीही करायचे. — एक विद्यार्थिनी, गोरेगाव

उत्तर : आपण सुचवता ते तिने करून पाहिले होते. जमीन विकत घ्यायची, तिथे उद्योग शिकवणारे एक गाव वसवायचे आणि त्याचे पैसे उत्पन्नातून हळूहळू फेडायचे, अशी तिची योजना होती. सर जेम्स आणि ब्रुककाका यांनी धोका फार मोठा आहे असे तिला पटवले आणि योजना बारगळली. गावाने लिडगेटला वाळीत टाकले तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारी आणि गावातल्या बल्स्ट्रोड या बँकवाल्याकडून घेतलेले हजार पौंड फेडायला त्याला धनादेश देणारीही तीच. विलशी लग्न करताना ती कॅसॉबनची इस्टेट सोडते आणि स्वतःच्या वर्षाला ७०० पौंडांवर राहायचे ठरवते. म्हणजे रुग्णालयासाठी पैसा हवा तर विल नाही, आणि विल हवा तर पैसा नाही, अशी तजवीज त्या पुरवणीने आधीच करून ठेवलेली आहे.

आपली तक्रार इलियट यांनी उपसंहारात स्वतःच नोंदवली आहे. इतकी वेगळी, इतकी सत्त्वशील बाई दुसऱ्याच्या आयुष्यात विरघळून गेली याची अनेकांना हळहळ वाटली, असे त्या लिहितात. आणि लगेच पुढे म्हणतात, की तिला शक्य असलेल्या गोष्टींपैकी तिने नेमके काय करायला हवे होते हे मात्र कोणीच सांगितले नाही. सर जेम्सची मजल सुद्धा विलशी लग्न करायला नको होते, एवढ्यापुरतीच होती.

तरीही मी आपल्याशी एका बाबतीत सहमत आहे. डोरोथिया, लिडगेट, कॅसॉबन हे सारे चुकतात तेव्हाही भरीव वाटतात. विल लॅडिस्लॉ कुरळ्या केसांनी, तडकाफडकी रागाने आणि गालिच्यावर लोळण्याच्या सवयीने उभा केलेला आहे आणि शेवटी त्याला पार्लमेंटमध्ये पाठवून इलियट यांनी त्याची सोय लावली आहे. तिथे तो काय बोलतो, कोणत्या ठरावावर मत देतो, हे त्यांनी लिहिलेले नाही. डोरोथियाने इस्टेट ज्याच्यासाठी सोडली त्याचे एक भाषण तरी आपल्याला ऐकवायला हवे होते.